वाळूतलं पेव

वाळूचा ढीग नुकताच थोपटलेला होता. हाताच्या पंजांचे ठसे त्यावर अजून तसेच होते. 1620 सालचा नोव्हेंबर. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या केप कॉड नावाच्या वाकड्या भूशिरापाशी इंग्लंडहून वसाहत करायला निघालेल्यांचं 'मेफ्लॉवर' जहाज नांगर टाकून उभं होतं, आणि त्यावरून उतरलेले सोळा इंग्रज बंदुका घेऊन किनारा धुंडाळत होते. कापणी झालेली शेतं लागली, एक मोडकं खोपट लागलं, तिथेच एक मोठी किटलीही पडलेली होती. तिच्यापाशी हा ढीग होता. त्यांनी तो उकरला. वर एक जुनी लहान टोपली निघाली, आणि खाली एक मोठी, नवी, सुबक टोपली, गोल आणि तोंडाशी निमुळती. तिच्यात त्याच वर्षीचा मका होता. 36 कणसं अख्खी ठेवलेली, काही पिवळी, काही लाल, काही निळे दाणे मिसळलेली. टोपलीत तीन-चार बुशेल माल मावेल असा त्यांचा अंदाज होता. एक बुशेल सुटा मका म्हणजे साधारण 25 किलो. दोन माणसांना ती जेमतेम उचलता आली.

किटली भरली, खिसे भरले, उरलेलं पुन्हा पुरून ठेवलं. दोन आठवड्यांच्या आत ते परत आले. तोवर बर्फ पडून जमीन इतकी गोठली होती की तलवारींनी फोडावी लागली. सगळा मिळून सुमारे दहा बुशेल, म्हणजे अडीचशे किलोच्या आसपास मका त्यांनी नेला. ही बियाण्याची सोय देवानेच केली, असं त्यांनी लिहून ठेवलं. हे पुरून ठेवणारं कुणीतरी आहे, हेही त्यांना ठाऊक होतं. पुढे भेट झाली की भरपाई करू असं त्यांनी ठरवलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात नॉसेट गावच्या लोकांशी तसा व्यवहार झालाही. पण मला सारखे आठवतात ते ठसे. त्या किनाऱ्यावर शेती बायका करत. पेरणी, खुरपणी, काढणी, साठवण, सगळं त्यांच्याकडे. तेव्हा ती वाळू थोपटणारे हातही बहुधा एखाद्या बाईचेच असणार.

इंग्रजांनी उकरलं त्याला आपल्याकडे पेव म्हणतात. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं पाहिलेल्यांना जास्त काही सांगायला नको. उत्तरेकडच्या या थंड किनाऱ्यावर पेव कसं घालत, त्याचं नेमकं वर्णन सॅम्युएल द शांप्लेन या फ्रेंच दर्यावर्द्याने 1606 साली केलं आहे. टेकडीच्या उतारावर वाळूत पाच-सहा फूट खोल खड्डा काढायचा. मका गवताच्या मोठ्या पिशव्यांत भरून त्यात ठेवायचा आणि वर तीन-चार फूट वाळूचा थर द्यायचा. लागेल तसा काढायचा. आमच्या कोठारांत राहतं तितकंच धान्य यात चांगलं राहतं, असा शेराही त्याने दिला आहे. थॉमस मॉर्टन नावाच्या इंग्रजाने पुढे आणखी तपशील दिले: धान्य सोलून कडक वाळवायचं, मोठ्या टोपल्यांत भरायचं, खड्ड्यात खाली, बाजूंनी आणि वर चटया लावायच्या, मग माती लोटायची.

यातली प्रत्येक पायरी कशासाठी, हे पेव माहीत असलेल्याला लगेच कळतं. उतार आणि वाळू यासाठी की पाणी मुरून खाली निघून जावं. चिकणमातीत खड्डा घेतला तर त्याचा हौद होतो आणि दाण्याला मोड येतात. चटया यासाठी की मातीचा ओलावा थेट दाण्याला लागू नये. वर फुटांनी वाळू अशासाठी की गोठण त्याच्या खाली फारशी उतरत नाही आणि प्राण्यांना वास लागत नाही. बंद पेवात दाणा आणि किडे मिळून आतला प्राणवायू संपवतात, मग किडेही मरतात. (म्हणूनच आपल्याकडे पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही. आधी दिवा सोडतात, तो विझला तर थांबतात.) सगळ्यात जास्त बिघडतं ते घाईने भरल्यामुळे. दाणा नीट वाळला नसेल तर तो आतच गरम होतो, बुरशी धरते आणि ती टोपलीभर पसरते.

पेवामागे एक जीवनपद्धती होती. या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी वाम्पानोआग लोक उन्हाळ्यात किनाऱ्यावर शेतांपाशी राहत आणि हिवाळ्यात आतल्या झाडीच्या, वारा अडवणाऱ्या खोऱ्यांत जात. घर म्हणजे वाकवलेल्या खांबांवर साली आणि चटया. चटया गुंडाळायच्या, दुसरीकडे लावायच्या. धान्य मात्र जागेवरच राहायचं, जमिनीखाली, पहाऱ्याशिवाय. शेजारच्याचं पेव कुणी उकरणार नाही हा विश्वास या व्यवस्थेत धरलेलाच होता. इंग्रजांना दिसली ती मालक नसलेली शेतं. पुढे मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झालेला जॉन विन्थ्रॉप याने 1629 साली यावरून कायद्याचा मुद्दाच काढला: हे लोक जमिनीला कुंपण घालत नाहीत, त्यांची कायमची वस्ती नाही, पाळीव गुरं नाहीत, तेव्हा या जमिनीवर त्यांचा पूर्ण हक्क होत नाही.

आता ती शेतं होती कशी, ते पाहू. हीच गोष्ट मला सगळ्यात सांगावीशी वाटते.

1605 साली शांप्लेनने या किनाऱ्यावर टोकणीची पद्धत पाहिली. एका जागी तीन-चार दाणे टोकायचे आणि भोवतीची माती ओढून त्यावर उंचवटा करायचा. माती ओढायला घोड्याच्या नालेच्या आकाराचं कवच असलेल्या एका समुद्री प्राण्याचं कवच वापरत. इतर ठिकाणी मोठ्या शिंपल्याला दांडा बांधून कुदळ करत. दोन उंचवट्यांत तीन फुटांचं अंतर. मक्याबरोबर तीन-चार घेवड्याचे दाणे लावत, ते वाढून मक्याच्या ताटालाच वेढा घालत. मधल्या जागेत भोपळा आणि डांगराच्या जातीचे वेल. शेतात तण दिसत नव्हतं, असंही त्याने लिहिलं आहे. त्याच वर्षी त्याने एका बंदराचा नकाशा काढला. त्यात किनाऱ्याने घरं आहेत, घरांभोवती शेतं आहेत, चुलींचा धूर आहे. त्या गावाचं नाव पटक्सेट. पंधरा वर्षांनी त्याच जागी इंग्रजांनी प्लिमथ वसवलं.

आपल्याकडचा शेतकरी याला आंतरपीक म्हणेल आणि लगेच विचारेल, घेवडा मक्याला खाली ओढत नाही का? ओढतो. मका आणि घेवडा एकाच दिवशी लावला तर वेल मक्याच्या पुढे पळतो आणि कोवळं ताट लोळतं. म्हणून आधी मका येऊ द्यायचा, वीतभर झाला की मातीची भर द्यायची आणि मग त्याच्या बुडाशी घेवडा टोकायचा. फार उशीर झाला तर मक्याच्या सावलीत वेल खुरटतो. वेली जातच हवी, झुडपी जातीचा इथे उपयोग नाही. भोपळा आणखी आठवड्याभराने, तोही कडेला. त्याची रुंद पानं जमीन झाकतात, ओल टिकते, तण दबतं. घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. त्यातला थोडाच त्याच हंगामात मक्याला मिळतो, बराचसा मुळं आणि पाला कुजल्यावर पुढच्या पिकाच्या वाट्याला येतो. उंचवट्याची माती थंड प्रदेशात लवकर तापते आणि ताटाला वाऱ्यात आधार मिळतो. दरवर्षी उंचवटा त्याच जागी करायचा, म्हणजे कस तिथेच साठत जातो. नांगर लागत नाही आणि मधली जमीन उघडी पडत नाही.

हा घेवडा म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने आपला राजमाच. साताऱ्याकडे कोरेगाव तालुक्यात पिकणारा वाघ्या घेवडा त्याच जातीचा. मका, घेवडा, लाल भोपळा, तिन्ही तिकडून निघून जगभर गेले आणि आपल्या स्वयंपाकघरात इतके मुरले की ते परके होते हेच विसरायला झालं. मका मूळचा दक्षिण मेक्सिकोच्या बाल्सास नदीच्या खोऱ्यातला, एका रानटी गवतापासून सुमारे 9000 वर्षांपूर्वी माणसांनी घडवलेला. तिथे हंगाम लांब, ऊन भरपूर. तिथपासून या थंड किनाऱ्यापर्यंत मका आणायचा तर पहिल्या थंडीच्या आत पिकणारी, आठ ओळींच्या कणसाची, कडक दाण्याची जात निवडत आणावी लागली. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी चांगली कणसं बाजूला काढून ठेवली. त्या टोपलीतली 36 अख्खी कणसं पाहून मला हेच वाटतं. बियाण्याचं कणीस शेतकरी अख्खं ठेवतो. सोललेल्या दाण्यावरून ताट कसं होतं ते सांगता येत नाही, कणसावरून येतं.

पटक्सेटचं काय झालं? 1616 ते 1619 या वर्षांत किनाऱ्यावर साथ आली. युरोपी मासेमार आणि व्यापारी जहाजांबरोबर ती आली एवढं नक्की. रोग कोणता यावर प्लेग, देवी, लेप्टोस्पायरोसिस असे तर्क आजवर चालू आहेत. काही गावांत दहातली नऊ माणसं गेली. पटक्सेट पूर्ण रिकामं झालं. तिथला एक माणूस त्याआधी, 1614 साली, थॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने इतर काही जणांबरोबर जहाजावर बोलावून पळवला होता आणि स्पेनमध्ये मालागाला विकायला नेला होता. त्याचं नाव टिस्क्वांटम. तो तिथून सुटून लंडनला पोहोचला, इंग्रजी शिकला आणि 1619 साली एका इंग्रज जहाजावरून घरी परतला. गावात कुणीच नव्हतं.

पहिल्या हिवाळ्यात मेफ्लॉवरच्या 102 प्रवाशांतले जवळजवळ निम्मे मेले. मार्च 1621 मध्ये वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट त्यांच्याशी करार करायला आला. साथीने त्याचे लोक खचले होते, आणि पश्चिमेकडचे त्यांचे प्रतिस्पर्धी नॅरागॅन्सेट लोक मात्र बऱ्याच अंशी वाचले होते. त्याला पाठबळ हवं होतं. टिस्क्वांटम दुभाषी म्हणून मागे राहिला आणि त्याने त्यांना मका लावायला शिकवलं. त्याचं सांगणं असं होतं: या जुन्या जमिनीत मासे घातल्याशिवाय काही होणार नाही. एप्रिलच्या मध्याला मासे अंडी घालायला ओढ्यातून वर चढतील, ते पकडा.

पद्धत अशी. ओक झाडाची पानं उंदराच्या कानाएवढी झाली की टोकणी. वीतभर खोल आळं करायचं, तळाशी हेरिंगच्या जातीचे दोन-तीन मासे ठेवायचे, वर चार बोटं माती, मग दाणे, मग पुन्हा माती. दाणा माशाला चिकटून राहिला तर कुजण्याच्या उष्णतेने तोही कुजतो. मासा वर राहिला तर कुत्री आणि लांडगे उकरतात, आणि दाणेही उधळले जातात. दोन-तीन आठवडे रात्रीची राखण करावीच लागते. 1644 साली इप्सविच या इंग्रज गावाने तर नियमच केला होता, की या दिवसांत गावातल्या कुत्र्यांचा एक पाय बांधून ठेवायचा. मॉर्टनचा हिशेब एकरी हजार माशांचा आहे, आणि त्याने पीक तिप्पट येतं असं तो म्हणतो.

मासे घालणं ही इथली मूळ रीत की टिस्क्वांटम ती युरोपातून शिकून आला, यावर अभ्यासकांत मोठा वाद झाला. इथल्या लोकांची सर्वसाधारण रीत जमीन थकली की ती पडीक टाकून दुसरी फोडायची होती, हे खरं. पण केप कॉडवर जुन्या उंचवट्यांच्या खोदकामात माशांचे अवशेषही सापडले आहेत. मला टिस्क्वांटमच्या बोलण्यातले 'जुनी जमीन' हे शब्द महत्त्वाचे वाटतात. तो आपल्याच गावाच्या शेतांबद्दल बोलत होता. कोणतं शेत किती वर्षं कसलं आहे, कुठे खत लागेल, ओढ्यात मासे कधी चढतील, हे त्या गावातला माणूसच सांगू शकत होता, आणि तसा तो एकटाच उरला होता. 1622च्या अखेरीस तोही तापाने गेला.

1621 साली इंग्रजांनी सुमारे वीस एकर मका लावला आणि सहा एकरांत इंग्लंडहून आणलेलं बियाणं पेरलं. वाटाणा फुलात करपला. मका मात्र आला. बियाणं नॉसेटच्या पेवातलं आणि जमीन पटक्सेटची होती. कसब टिस्क्वांटमचं होतं. शरद ऋतूत झालेल्या तीन दिवसांच्या मेजवानीला मॅसासॉइट 90 माणसं घेऊन आला, आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली. तीच गोष्ट पुढे अमेरिकेच्या शाळांत सांगितली जाऊ लागली, आणि सांगताना शेत, पेव, साथ सगळं गळून गेलं.

बियाणं नेता येतं, त्याबरोबरचं ज्ञान सहज नेता येत नाही. याचं सर्वांत दुःखद उदाहरण स्वयंपाकातलं आहे. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. किलोभर मक्याला साधारण 10 ग्रॅम चुना आणि तीन लिटर पाणी. अर्धा-पाऊण तास शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी चोळून साल काढायची आणि दोन-तीन पाण्यांनी धुवायचा. उत्तरेकडे हौडेनोसौनी लोक हेच काम लाकडाच्या राखेने करतात. राख कठीण लाकडाची आणि चाळलेली हवी. ती कमी पडली तर साल सुटत नाही, जास्त झाली किंवा धुणं कमी पडलं तर मका कडवट, साबणासारखा लागतो. साल सुटणं हा दिसणारा फायदा. न दिसणारा फायदा असा की मक्यातलं बांधलेलं नायसिन जीवनसत्त्व यामुळे सुटं होतं आणि अंगी लागतं.

युरोपने मका उचलला, ही पायरी उचलली नाही. स्पेन आणि उत्तर इटलीत 18व्या शतकात फक्त मक्यावर जगणाऱ्या गरिबांची कातडी उन्हात जळल्यासारखी होऊन सोलू लागली, जुलाब लागले, भ्रम होऊ लागले. त्या रोगाला इटलीत पेलाग्रा नाव पडलं. मका जिथला, त्या अमेरिकेच्याही दक्षिण भागात 20व्या शतकाच्या पूर्वार्धात या रोगाने हजारो गरीब माणसं मेली. मूळ लोकांच्या ताटात राखेतला मका होता, शिवाय घेवडा होता, मासे होते. (आपल्या दख्खनमध्येही फक्त ज्वारीवर राहणाऱ्यांत पेलाग्रा आढळला, आणि त्याचा अभ्यास हैदराबादच्या पोषण संस्थेत झाला. कारण थोडं निराळं, पण ताटात एकच धान्य राहणं तेच.)

न्यू इंग्लंडच्या, म्हणजे या ईशान्य किनाऱ्याच्या, मक्याचा आणखी एक पदार्थ सांगायलाच हवा. मका गरम राखेत भाजायचा, राख झटकून कांडायचा. हे पीठ चमचाभर घ्यायचं, ओढ्याचं चमचाभर पाणी घालायचं आणि खायचं. अगदी आपल्या सातूच्या पिठासारखं. रॉजर विल्यम्स हा इंग्रज नॅरागॅन्सेट लोकांत वावरला, त्यांची भाषा शिकला. दोनशे माणसांबरोबर तो जंगलातून शंभरेक मैल चालला आहे, प्रत्येकाच्या पाठीवर तीन-चार दिवस पुरेल एवढी या पिठाची छोटी टोपली. कावळ्याने पहिला मक्याचा दाणा एका कानात आणि घेवडा दुसऱ्या कानात घालून नैऋत्येकडच्या देवाच्या शेतातून आणला, ही त्यांची समजूतही त्यानेच टिपली. कावळे पीक खातात, तरी शंभरात एखादाच माणूस कावळा मारतो, असं तो 1643 साली लिहितो. शेतात माचाणासारख्या खोपटांत पोरं बसत आणि पाखरं हाकत.

1624 साली प्लिमथला पहिली गुरं आली, एक वळू आणि तीन कालवडी. डुकरं तर होतीच. इंग्रजांची रीत गुरं मोकळी सोडायची आणि पिकाला कुंपण घालायची. उंचवट्यांच्या शेतांना कुंपण कधी लागलंच नव्हतं. डुकरांनी उभा मका खाल्ला, पेवं उकरली, ओहोटीच्या चिखलातले शिंपले खाल्ले. त्या शिंपल्यांवर गरीब बायका हिवाळा काढत. नॅरागॅन्सेट डुकरांना गलिच्छ गळेकापू म्हणत, असं विल्यम्सने नोंदवलं आहे. नुकसानीची तक्रार इंग्रज न्यायालयात न्यायची, आणि तिथे पहिला प्रश्न असायचा, कुंपण कुठे होतं?

जून 1675 मध्ये मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम शेजारच्या ऱ्होड आयलंडच्या उपगव्हर्नराशी, जॉन ईस्टनशी, बोलायला बसला. ईस्टनने ते बोलणं लिहून ठेवलं. इंग्रज आले तेव्हा माझे वडील थोर माणूस होते आणि इंग्रज लहान मुलासारखे, असं मेटाकॉम म्हणाला. वडिलांनी त्यांना मका दिला, लावायला शिकवलं, आज माझ्या लोकांकडे आहे त्याच्या शंभरपट जमीन दिली. आता आम्ही इंग्रजांपासून तीस मैल दूर गेलो तरी त्यांच्या गुराघोड्यांपासून आमचा मका वाचत नाही. काही दिवसांत युद्ध पेटलं.

या युद्धात इंग्रज फौजांनी धान्याचे साठे शोधून शोधून जाळले. डिसेंबरमध्ये दलदलीतल्या नॅरागॅन्सेट गढीवर हल्ला झाला, तेव्हा माणसांबरोबर हिवाळ्याचा मकाही जळाला. 1676च्या वसंतात लढणारे लोक आत कनेटिकट नदीच्या खोऱ्यात जमले होते, पण पेरायला दाणा नव्हता. नॅरागॅन्सेटांचा तरुण प्रमुख कॅनॉन्शेट मोजकी माणसं घेऊन बियाण्यासाठी पुन्हा किनाऱ्याकडे निघाला. एप्रिलच्या सुरुवातीला इंग्रजांनी त्याला नदीकाठी गाठलं. पाण्यातून पळताना दगडावरून त्याचा पाय घसरला आणि बंदूक भिजली. पकडून त्याला स्टोनिंग्टनला नेऊन मारलं. ऑगस्टमध्ये मेटाकॉम मारला गेला. त्याचं मुंडकं प्लिमथला खांबावर लावलं, ते वीस वर्षांहून जास्त काळ तिथेच होतं.

वाम्पानोआग आजही त्याच किनाऱ्यावर आहेत. अमेरिकी सरकारने अक्विन्नाच्या लोकांना 1987 साली आणि मॅशपीच्या लोकांना 2007 साली मान्यता दिली. त्यांची भाषा दीडेकशे वर्षं बोलली जात नव्हती. 1663 साली छापलेलं बायबल आणि त्यांच्या पूर्वजांनी त्याच भाषेत लिहिलेली जमिनीची खतं, मृत्युपत्रं, पत्रं यांवरून 1990च्या दशकापासून त्यांनी ती पुन्हा शिकायला घेतली आहे. मुलं आता ती बोलतात.

इंग्रज मेटाकॉमला किंग फिलिप म्हणत. न्यू इंग्लंडच्या जुन्या कडक दाण्याच्या मक्याची एक जात याच नावाने ओळखली जाते. कणीस लांब, दाणा तांबूस, आणि पीक थंडीच्या आत तयार.